कर्रर्र... टप... धप्प! भुताचे आवाज स्वयंपाकघरात

दोस्तांनो, आज एक प्रयोग करून बघा. टीव्हीवर भुताखेतांचा एखादा सिनेमा लागला, की त्यातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग येईपर्यंत थांबा. अंधारा जिना, मेणबत्ती घेऊन दबकत चाललेली नायिका, मागे हलणारा पडदा... आता पटकन रिमोट घ्या आणि आवाज बंद करा. काय झालं? भीती पळाली ना? उलट, डोळे विस्फारून तोंड उघडणारी ती नायिका बघून थोडं हसूच येतं. आता याच्या बरोब्बर उलट करा. आवाज सुरू ठेवा आणि डोळे घट्ट मिटा. बाप रे! अंगावर काटा!

आहे की नाही गंमत? सिनेमा 'बघायला' म्हणून आपण बसतो, पण घाबरतात ते आपले कान.

ही गोष्ट आमच्या बिल्डिंगमधल्या पाच जणांच्या टोळीला मात्र जरा महागात पडून कळली. नववीतल्या तीन मुली आणि दोन मुलगे. शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा मुलांनी केलेले लघुपट दाखवायचे होते. प्रत्येक गटानं आधी आपल्या लघुपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर शाळेसमोर दाखवायचा, मुलांनी मतं द्यायची आणि पहिले तीन लघुपट संमेलनात पडद्यावर, असं ठरलं. आमच्या टोळीनं भुताचा सिनेमा काढला. नाव 'रिकामा झोपाळा'. एकीच्या आजोळी जुना वाडा आहे. तिथं जाऊन दोन दिवस मोबाइलवर शूटिंग केलं. वाड्यात एकटी आलेली मुलगी, आपोआप हलणारा झोपाळा, माडीवर पावलं, करकरत उघडणारं दार आणि मग... भूत!

सोमवारी त्यांनी हा ट्रेलर रंगीत तालीम म्हणून आपल्या वर्गात दाखवला. आणि काय सांगू! वर्ग हसून हसून लोळला. कारण ट्रेलरमधल्या झोपाळ्याचा आवाजच नव्हता. त्याऐवजी दिग्दर्शक मुलीचं "चल, आता घाबर!" स्वच्छ ऐकू येत होतं. आणि भूत दारात उभं राहिलं नेमकी तीच वेळ साधून रस्त्यावरचा भाजीवाला ओरडला होता, "मेथीय्ये!"

संध्याकाळी पाचही जण पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आले. मी कॉलेजात असताना एकांकिकांच्या आवाजाची बाजू सांभाळायचो, हे त्यांना ठाऊक होतं. "काका, शनिवारी सगळ्या शाळेसमोर दाखवायचाय. पुन्हा शूटिंगला जायला वेळ नाही. काहीतरी करा!"

मी म्हटलं, "शूटिंग नकोच. चित्रं छान आहेत. आवाज सगळा पुसून टाका. आपण नवा बनवू."

"बनवू? म्हणजे इंटरनेटवरून घ्यायचा ना?" कॅमेरावाल्यानं विचारलं.

"छे! बनवू म्हणजे बनवू. कुठे? तर स्वयंपाकघरात!"

फोलीसाहेबांची युक्ती

मुलांना वाटलं, काका चेष्टा करताहेत. तुम्हालाही वाटलं असेल. पण मोठमोठ्या सिनेमांत असंच करतात.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा सिनेमा मुका होता. तो बोलू लागला १९३१ मध्ये 'आलम आरा'पासून. अमेरिकेत बोलपट याच्या चार वर्षं आधी आले होते. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचे गृहस्थ काम करत. 'शो बोट' हा त्यांच्या स्टुडिओचा सिनेमा मुका म्हणून तयार झाला होता, पण १९२९ साली तो दाखवायचा तर लोकांना आता आवाज हवा होता. मग काय केलं? फोली आणि त्यांचे साथीदार पडद्यासमोर उभे राहिले. पडद्यावरची माणसं चालली, की हे चालत. तिकडे टाळ्या, की इकडे टाळ्या. आणि ते सगळं त्यांनी मुद्रित करून घेतलं. पुढे हीच एक कला झाली आणि तिला नावही त्यांचंच मिळालं. आजही जगभर या कलेला 'फोली' म्हणतात आणि ती करणाऱ्याला 'फोली आर्टिस्ट'. आपल्या मुंबईतही असे कलाकार आहेत. नायक पडद्यावर चिखलातून धावत असतो, आणि बंद खोलीत एक माणूस त्याच्याकडे बघत बघत ओल्या फडक्यांवर पाय आपटत असतो!

तुम्ही म्हणाल, खरा आवाजच का नाही वापरत? त्याचं उत्तर आपल्या मेथीवाल्यानं दिलंच आहे. शूटिंगच्या वेळी माइकला हवा असलेला आवाज कमी आणि नको असलेले जास्त ऐकू येतात. दुसरं म्हणजे, खरा आवाज पुष्कळदा खरा वाटतच नाही. बर्फावर चालण्याचा आवाज हवा असेल, तर फोली आर्टिस्ट कॉर्नफ्लोअरनं भरलेली पिशवी दाबतात. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या तर तुम्ही शाळेच्या नाटकात वाजवल्याच असतील.

आधी यादी, मग आवाज

पहिल्या दिवशी आम्ही काहीच रेकॉर्ड केलं नाही. ट्रेलर मुका करून दहा वेळा बघितला आणि वहीत यादी केली. कितव्या सेकंदाला काय दिसतं आणि तिथं काय ऐकू यायला हवं. ७ व्या सेकंदाला फाटक. १५ व्या सेकंदाला पाऊस. २२ व्या सेकंदाला झोपाळा. अशी यादी २१ आवाजांची झाली. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. यादी नसेल तर नुसता गोंगाट होतो.

मग शोधाशोध सुरू झाली. पहिली अडचण झोपाळ्याची. खरा झोपाळा करकरतच नव्हता, कारण आजोबा त्याच्या कड्यांना नेमानं तेल घालतात! बिल्डिंगभर दारं, खाटा, स्टुलं हलवून बघितली. शेवटी माझ्या घरातली जुनी वेताची खुर्ची पास झाली. तिच्यात बसून हळूच पुढंमागं झुललं, की असा काही कर्रर्र... आवाज येई, की दिग्दर्शक मुलगी म्हणाली, "हाच आमचा झोपाळा!"

माडीवरची पावलं कुणाची, तर वाड्याच्या जुन्या मालकाची. त्यासाठी करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल हवीच. ती एकाच्या आजोबांकडे मिळाली. पण चालायचं कुठं? फरशीवर आवाज कोरडा येत होता. मग चप्पल हातात घालून लाकडी पाटावर 'चालवली'. टाच आधी, चवडा मागून. टप... कर्र. टप... कर्र. अस्सल लाकडी माडी!

पावसासाठी सुपात साबुदाणा हळूहळू ओतला. वटवाघळाच्या पंखांसाठी छत्री भराभर उघडझाप केली. भुताचा हात भिंतीवरून चिकटत चिकटत सरकतो, तिथं आमच्या एका नायिकेनं भिजवलेली चिंच माइकजवळ कोळली. तो पचपच आवाज ऐकून तिची आई म्हणाली, "शी! आता आमटीत चिंच घालताना मला हेच आठवणार!"

आणि हाडं? भूत मान वळवतं तेव्हा कडाकड हाडं वाजतात ना, तो आवाज असतो भाजीचा. परदेशात त्यासाठी सेलरी नावाच्या भाजीचे दांडे मोडतात. आम्ही मुळा घेतला. मुळा ओल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी पिळायचा. कडाड! 'द एक्झॉर्सिस्ट' या १९७३ च्या गाजलेल्या भयपटात मान वळण्याच्या आवाजासाठी जुनं चामड्याचं पाकीट पिरगाळलं होतं. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको'त, १९६० साली, सुरीच्या वारांचा आवाज हवा होता. तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या खरबुजांत सुरी खुपसून बघितली आणि त्यातलं एक हिचकॉकनी आवाज ऐकून निवडलं. (हे दोन्ही सिनेमे मोठ्यांचे आहेत हं. तुम्ही फक्त खरबुजाची गोष्ट लक्षात ठेवा!)

गडगडाटासाठी आम्ही एक्स-रेची जुनी फिल्म हलवली. बहुतेक घरांत कपाटावर ती असतेच. दोन्ही हातांत धरून हलवली की वुडुडुम् असा झकास आवाज येतो. पण खरी मजा पुढंच आहे. भूगोलाचं नव्हे, विज्ञानाचं पुस्तक आठवा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे वीज चमकल्यावर ३ सेकंदांनी गडगडलं, तर वीज सुमारे १ किलोमीटर दूर. आम्ही पहिल्या विजेनंतर ३ सेकंदांनी गडगडाट लावला. दुसरीनंतर १ सेकंदानं. आणि तिसरी वीज न् गडगडाट एकदम! बघणाऱ्याला हिशेब कळत नाही, पण त्याला आपोआप वाटतं, वादळ जवळ येतंय... अगदी डोक्यावर आलंय!

कुकरचं भूत

आता राहिलं खुद्द भूत. ते बोलत नाही, फक्त हुंकार देतं. एकानं घोगरा आवाज काढून बघितला, पण तो सर्दी झालेल्या माणसासारखा वाटला.

इतक्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "हेच घ्या!" सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

शिट्टी रेकॉर्ड केली, ३ सेकंदांची. कॉम्प्युटरवर 'ऑडॅसिटी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं, त्यात घातली आणि तिचा वेग निम्मा केला. ती ६ सेकंदांची झाली आणि तिचा आवाज एक सप्तक खाली उतरला. पेटी वाजवत असाल तर लगेच कळेल. मधल्या सप्तकातला 'सा' खालच्या सप्तकातला 'सा' होतो. पुन्हा निम्मा केला. १२ सेकंद, आणखी एक सप्तक खाली. आता ती शिट्टी राहिलीच नव्हती. विहिरीच्या तळातून कुणीतरी कण्हतंय, असं काहीतरी झालं होतं. खोलीत सगळे गप्प! (मोबाइलवरच्या काही ॲपमध्ये वेग कमी केला तरी पट्टी तीच राहते. आपल्याला दोन्ही खाली हवेत, हे बघून पर्याय निवडा.)

ही युक्ती काही माझी नव्हे. १९३३ च्या 'किंग काँग' सिनेमातल्या महाकाय वानराची डरकाळी अशीच बनली. मरे स्पिवॅक या ध्वनितज्ज्ञानं सिंह आणि वाघ यांच्या डरकाळ्या घेतल्या, त्या संथ आणि उलट्या वाजवल्या आणि एकत्र मिसळल्या. जपानमध्ये १९५४ साली 'गॉडझिला' आला. त्याच्या आवाजासाठी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास हे भलंमोठं तंतुवाद्य घेतलं, त्याची तार सैल केली आणि राळ लावलेला चामडी हातमोजा तिच्यावरून घासला. आणि १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मधला टी-रेक्स? त्याच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर आहेत! खरा डायनासोर कसा ओरडायचा हे कुणीच ऐकलेलं नाही. पण त्या आवाजाला आपण सगळेच घाबरलो.

असे आवाज ऐकून आपण दचकतो तरी का? त्याचंही कारण आहे. मार्मट नावाचा खारीच्या कुळातला एक प्राणी असतो. त्याच्या पिल्लाला पकडलं की ते फाटक्या, खरखरीत आवाजात किंचाळतं. डॅनियल ब्लमस्टीन हे शास्त्रज्ञ अमेरिकेत या प्राण्यांचा अभ्यास करतात. त्यांना प्रश्न पडला, सिनेमावालेही हीच युक्ती वापरतात की काय? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०२ सिनेमांतल्या प्रसंगांचे आवाज तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. भयपटांत अशा फाटक्या, ओरबाडल्यासारख्या किंकाळ्या जास्त सापडल्या. घसा ताणून ओरडलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज म्हणजे 'कुणीतरी संकटात आहे', हे आपल्या कानांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून किंकाळी सुरेल असून चालत नाही!

दोन घोटाळे

किंकाळीवरून आठवलं. बुधवारी आमच्या हातून दोन मोठे घोटाळे झाले. ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडून व्हायचे नाहीत.

पहिला असा. जिन्यात आवाज छान घुमतो, म्हणून नायिकेनं रात्री नऊ वाजता जिन्यात किंकाळी फोडली. झकास किंकाळी! पुढच्याच क्षणी चारही मजल्यांवरची दारं उघडली. वॉचमनकाका काठी घेऊन धावत आले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लाटणं घेऊन. एक आजी तर घाबरून खालीच बसल्या. सगळ्यांची माफी मागता मागता आमच्या तोंडाला फेस आला. चूक माझी होती. मी मोठा, मी आधी सांगायला हवं होतं. तेव्हा किंकाळी रेकॉर्ड करायची असेल, तर दिवसा करा आणि आसपासच्या प्रत्येक घरी आधी सांगा. कुणी खरोखर मदतीसाठी ओरडलं, तर लोकांनी धावून आलंच पाहिजे. 'लांडगा आला रे'ची गोष्ट आठवते ना?

दुसरा घोटाळा जास्त गंभीर होता. दिग्दर्शक मुलीचा धाकटा भाऊ दुसरीत आहे. त्या रात्री ताई शेजारच्या खोलीत भुताचा हुंकार पुन्हा पुन्हा ऐकत होती. हा अंथरुणात जागा! रात्रभर तो झोपला नाही. सकाळी बाथरूमला एकटा जाईना. त्याच्या आईचा फोन आला. ती रागावली नव्हती, पण म्हणाली, "काका, तुमचा सिनेमा चार दिवसांचा आहे. याची भीती किती दिवस राहणार?"

मला फार वाईट वाटलं. 'अरे, घाबरायचं नाही, भूतबित काही नसतं' असं त्याला सगळे सकाळपासून सांगतच होते. पण असं सांगून भीती जाते का? तुमची गेली होती?

मी त्याला संध्याकाळी बोलावलं. कॉम्प्युटरसमोर बसवलं. आधी कुकरची शिट्टी ऐकवली, साधी. "काय आहे?" "कुकर." मग त्याच्याच हातात माउस दिला. "आता तू हिचा वेग कमी कर." त्यानं केला. शिट्टी जाड झाली. आणखी कमी केला. हुंकार! तो दचकला. माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "आता परत वाढव." त्यानं वाढवला. हुंकार चढत चढत पुन्हा शिट्टी झाला. तो खुदकन हसला. मग पंधरा मिनिटं त्याचा हाच खेळ. शिट्टीचं भूत, भुताची शिट्टी! जाताना तो ताईला म्हणाला, "हे भूत मीच चालवणार."

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं सांगितलं, रात्री खिडकीत काहीतरी खडखडलं, तर हा उठून बसला आणि म्हणाला, "आई, हा आवाज कशाचा असेल गं?" दोघं बघायला गेली. खिडकीचा अडसर सैल झाला होता.

दोस्तांनो, मला वाटतं, आमच्या सगळ्या खटाटोपात हीच कमाई मोठी. 'कोण असेल?' हा प्रश्न आपल्याला घाबरवतो. 'कशाचा असेल?' हा प्रश्न आपल्याला उठवून खिडकीपर्यंत नेतो.

सगळ्यात भयंकर आवाज

गुरुवारी सगळे आवाज चित्रांवर चढवले आणि ऐकलं तर काय? नुसता कोलाहल! पाऊस, वारा, करकर, हुंकार, सगळं एकदम. भीती कुठंच नाही. मुलं हिरमुसली.

मी म्हटलं, "आता खोडायला घ्या."

आपल्याकडे याचा मोठा दाखला आहे. पुण्याच्या प्रभात कंपनीनं १९३७ मध्ये 'कुंकू' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्या काळात सिनेमा म्हटलं की गाणंबजावणं. पण शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातल्या खऱ्याखुऱ्या आवाजांवर भर दिला. काय वाजवायचं याइतकंच काय वाजवायचं नाही, हेही कळावं लागतं. प्रभातच्या त्याच जागेत १९६० साली चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची एफटीआयआय. तिथं शिकलेले रसूल पूकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठी २००९ मध्ये ऑस्कर मिळालं. हिचकॉकनीसुद्धा १९६३ च्या 'द बर्ड्स'मध्ये नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलं नव्हतं. फक्त पक्ष्यांचे आवाज, तेही पुष्कळसे विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढलेले.

आम्ही २१ आवाजांचे १३ केले. भूत दिसण्याआधी पाऊस थांबवला. मग वारा. मग पावलं. उरली फक्त झोपाळ्याची करकर. आणि मग तीही थांबली. पूर्ण दोन सेकंद काही नाही. म्हणजे अगदी काहीच नाही असं नव्हे हं! आवाज साफ बंद केला तर लोकांना वाटतं स्पीकर बिघडला. म्हणून रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड केला होता, तो हळूच चालू ठेवला. खोली 'गप्प' असतानाही तिला स्वतःचा एक बारीक आवाज असतो. कधीतरी कान देऊन ऐका. त्या दोन सेकंदांनंतर... धप्प! (सांगू कशाचा? सोफ्याच्या गादीवर आपटलेल्या जाडजूड शब्दकोशाचा!)

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात आवाज तपासला, हे फार बरं झालं. हेडफोनवर छाती दडपून टाकणारा तो हुंकार शाळेच्या स्पीकरवर ऐकूच येईना! छोट्या स्पीकरना फार खालचे स्वर झेपत नाहीत. मग एकदाच निम्मा वेग केलेली शिट्टी त्यात मिसळली. आता हुंकार शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

शनिवारी ट्रेलर सुरू झाला तेव्हा मागं बसलेली दहावीची मुलं आधीच 'मेथीय्ये'ची नक्कल करत होती. पहिली वीज. थोडं हसू. दुसरी वीज. हसू कमी. झोपाळा करकरला आणि सभागृह शांत झालं. झोपाळा थांबला. दोन सेकंद. धप्प!

अख्खी शाळा जागच्या जागी उडाली! मग सगळे हसले, पण हे हसू सोमवारचं नव्हतं. हे 'हुश्श' म्हणणारं हसू होतं. मतं मोजली तेव्हा पहिल्या तिघांत 'रिकामा झोपाळा' होता. बाहेर येताना एक मुलगा विचारत होता, "ए, भुताचा आवाज कुठून डाउनलोड केला रे?"

दुसरीतले साहेब छाती काढून म्हणाले, "डाउनलोड नाही काही! आमच्या कुकरमधून काढला!"

तुम्हीही करून बघा

• मोबाइल विमान मोडवर ठेवा, नाहीतर हुंकाराच्या मध्येच रिंग वाजेल. मोबाइल आवाजापासून एका वितीच्या अंतरावर धरा.

• पंखा बंद, खिडक्या बंद. फ्रिज बंद केलात तर आठवणीनं पुन्हा सुरू करा. आम्ही विसरलो आणि आइस्क्रीमचं दूध झालं!

• आवाज घुमत असेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर रेकॉर्ड करा. कपडे घुमणं शोषून घेतात.

• प्रत्येक आवाजाआधी तो कशाचा आहे ते बोला. "मुळा, तिसरी वेळ." नंतर शोधायला सोपं जातं.

• कुकर, सुरी आणि गॅस यांच्याजवळ रेकॉर्डिंग करताना मोठं माणूस सोबत हवंच.

• दुसऱ्याच्या सिनेमातला आवाज उचलू नका. तो कुणाच्या तरी कष्टाचा असतो. शिवाय आयत्या किंकाळीत तुमच्या बिल्डिंगची मजा कुठली?

• हेडफोनचा आवाज कमीच ठेवा. कान एकदाच मिळतात.

• घरात धाकटं भावंड असेल, तर त्याला भुताचा आवाज ऐकवण्याआधी तो कसा बनवला ते दाखवा.

आणि आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. चार दिवस घरात पसारा होईल, मुळे पिळले जातील, साबुदाणा सांडेल. सांडू द्या. तुमच्या लहानपणी रेडिओवरच्या श्रुतिका ऐकताना नुसत्या दाराच्या आवाजावरून तुम्ही अख्खा वाडा उभा केला होतात, आठवतं? ती गोष्ट मुलांना सांगा. आणि पसारा आवरताना त्यांच्या हाती केरसुणी द्या. सुकलेल्या पानांवरून कुणीतरी चालत येतंय, हा आवाज केरसुणीतून किती सुरेख निघतो, ते त्यांना तेव्हाच कळेल!

तर मग, आज घरात पहिली शिट्टी झाली की कान टवकारा. काय सांगावं, तुमचं भूत तिथंच दडलेलं असेल!